उजवीकडून येणारा

धुकं इतकं दाट, की देवानं पाण्यावर जणू पांघरूण घातलेलं. बाबांचे गुडघे गेल्यापासून प्रवासी लाँचचं सुकाणू तिच्या हाती होतं. अचानक उजवीकडून एक मालबोट पुढे आली. उजवीकडून येणाऱ्यानं सरळ जायचं, दुसऱ्यानं त्याच्या मागून वळायचं, हा पाण्यावरचा नियम. ती वळली. पण सुकाणूवर मुलगी पाहून मालबोटीवरचा तरुण सौजन्यानं तिच्याच मागे जायला वळला... आणि दोन्ही बोटी नाकासमोर नाक! तिनं उलटा गियर टाकला. मध्ये हातभर पाणी उरलं. देवाचीच कृपा.

धक्क्यावर ती तरातरा त्याच्याकडे गेली.

“वाट का सोडलीत?”

“म्हटलं... आधी तुम्ही.”

“तुमच्या सभ्यपणात माझी माणसं बुडाली असती! तुम्ही सरळ आलात, तरच मला कळणार ना, मी कुठून जायचं ते?”

त्यानं कान पकडले. तिला हसू आवरेना.

तेव्हापासून त्याचं नाव पडलं ‘आधीतुम्ही’. तो रोज लांबूनच भोंगा वाजवी, ती हात हलवी. धक्क्यावर दोर बांधता बांधता गप्पा रंगत. ज्या दिवशी मालबोट दिसत नसे, त्या दिवशी पाणी उगाच रुंद वाटे.

मग मोठ्या जहाजावरच्या एका अधिकाऱ्यानं तिला मागणी घातली. उत्तर उद्या द्यायचं होतं. तिनं ‘आधीतुम्ही’ला सांगितलं आणि वाट पाहिली... तो दोराशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, माणूस चांगला आहे, तुमचं भलं होईल.

“परत वळलात,” ती हळूच म्हणाली, आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ऊन होतं. मालबोट उजवीकडून आली. वेग कमी नाही, वळण नाही, सरळ रेघ. ती त्याच्या मागून वळली.

धक्क्यावर तो बाबांच्या खुर्चीसमोर उभा होता. बाबा त्याला सांगत होते, “मला काय विचारतोस? सुकाणू तिच्या हातात आहे.”

तो तिच्याकडे वळला. “आधी तु—” त्यानं जीभ चावली. “नाही. आज आधी मी. मला तुम्ही हव्या आहात. जन्मभर.”

तिनं दोराची गाठ सावकाश आवळली.

“इतकंच ऐकायचं होतं,” ती म्हणाली. “आता मला माझी वाट दिसली.”