सर्व्हरचं नवं नाव

सम्यक मला पहिल्यांदा भेटला तो माझ्याच टेबलाखाली. डबा ठेवायला मी पाय पुढे केला, तर खालून आवाज आला, "अहो मॅडम, बोटं आहेत माझी."

डोंबिवलीत सुदेशदादांच्या फोटो स्टुडिओत मी लग्नाचे अल्बम करते. ते फोटो ठेवायला तो सर्व्हर बसवत होता. दोन डिस्क, दोन्हींवर तेच फोटो. एक गेली तर दुसरी सांभाळून घेते. नवराबायकोसारखं आहे की, मी म्हटलं. तो बाहेर आला, केसांत जळमट… आणि असं काही बघितलं, की माझा माउस उगाचच क्लिक झाला.

मग काही ना काही निमित्त काढून तो येत राहिला. मशीन बंद-चालू करायला, एकदोन कमांड द्यायला शिकवलं. दसऱ्याला मी मशीनची पूजा केली, तेव्हा विहारातून थेट पांढऱ्या सदऱ्यातच आला. कुंकू पंख्यात ओढलं जाऊ नये म्हणून तळहात आडवा धरून उभा राहिला. तो गेल्यावर मला काय सुचलं कोण जाणे… मशीनचं नाव होतं 'स्टुडिओ'. मी एक कमांड दिली आणि ते 'सम्यक' केलं. कुणाला कळणार होतं? ते मशीन मीच तर उघडायचे.

कार्तिकातल्या एका रविवारी वीज गेली. सोमवारी सकाळी मशीन अर्ध्यातच अडकलं. फोटो दिसेनात, आणि संध्याकाळी अल्बम द्यायचा होता. त्यात सोमवारी दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं, शाळेपासूनचं. सुदेशदादांनी सम्यकला फोन लावला. तो म्हणाला, येतो, अंतरालाही आणतो, असल्या कामात ती हुशार आहे.

अंतरा. हे नाव त्याच्या तोंडी जरा जास्तच यायचं. कॉलेजची मैत्रीण, आता घोडबंदर रोडला मोठ्या कंपनीत. मी मनातल्या मनात महादेवाला विनवलं – हिला तिकडच्या ट्रॅफिकमध्येच अडकव, तुला त्यात काय अवघड आहे.

देवाने ऐकलं नाही. ती सम्यकच्याच बाईकवरून आली. अंगात त्याचं जॅकेट.

"सॅम, सरक ना," म्हणत ती माझ्या खुर्चीत बसली. त्याच्या खिशातलं पेन तिने न विचारता काढलं. मी ओठ मिटून पाणी नेऊन ठेवलं आणि कोपऱ्यात जप धरला. मणी सरकत होते, नजर मात्र त्या दोन डोक्यांवर. किती जवळ… एवढं काय वाचायचं असतं त्या पडद्यावर?

आणि मग मला घाम फुटला. पडद्यावर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला मशीनचं नाव येतं.

"सॅम, मशीनला स्वतःचंच नाव? किती प्रेम रे स्वतःवर."

त्याने पडदा बघितला. मग मला. मी फरशीत बघत राहिले.

"हो," तो म्हणाला, "मीच दिलं."

ती हसली आणि तिने त्याचा कान ओढला. माझं गुपित, आणि थट्टा त्या दोघांची.

तिने दोष मात्र झटक्यात शोधला. डिस्कची जोडी जमली तेव्हा तिच्यावर 'स्टुडिओ' हे नाव कोरलं गेलं होतं. नाव बदलल्यावर वीज जाईपर्यंत मशीन कधी बंदच झालं नव्हतं. आज पहिल्यांदा सुरू झालं, तर त्याला ती जोडी परक्या घरची वाटली. म्हणून 'एमडी झिरो' हा नेहमीचा पत्ता सोडून तिला भलताच एमडी एकशेसत्तावीस देऊन टाकला. फोटो सुखरूप होते, पण मशीन त्यांना जुन्याच पत्त्यावर शोधत होतं. डिस्कचा स्वतःचा ओळख क्रमांक एका फाईलमध्ये लिहिला की मशीनचं नाव काहीही असलं तरी चालतं. "ती ओळ लिहायची माझ्याकडूनच राहिली," सम्यक म्हणाला.

इतकी हुशार असायची काय गरज होती तिला…

"नाव काहीही चालतं ना?" अंतराने कीबोर्ड ओढला. "मग माझं ठेवते. रोज आठवण येईल तुला."

"नको."

आवाज माझा होता. बारा वाजायला अजून अवकाश होता.

अंतराने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "अच्छा," ती सावकाश म्हणाली. जॅकेट काढून तिने त्याच्या मांडीवर टाकलं, आणि चांगला चहा कुठे मिळतो हे विचारत सुदेशदादांना बाहेर घेऊन गेली.

"मौन मोडलंस," तो म्हणाला. आजवर अहो-जाहो करणारा माणूस.

"मोडलं."

"माझ्या नावासाठी?"

"मी ठेवलंय ते… दुसऱ्या कुणी पुसायचं नाही."

त्याने ती ओळ लिहिली, मशीन परत चालू केलं. फोटो आले. नाव तेच राहिलं.

"याचं प्रायश्चित्त काय?"

"पुढच्या सोमवारी दिवसभर मौन."

"मग मी सोमवारीच येतो. तुला एक विचारायचंय, कधीपासून. मधे बोलणार तरी नाहीस."

"उत्तर मंगळवारी मिळेल," मी म्हटलं.

त्याने तिथल्या तिथे फोन लावला, मंगळवारी यायला जमणार नाही म्हणून सांगितलं, हसून दोन शब्द बोलला आणि ठेवला.

"कोण होतं?" मी विचारलंच.

"कल्याणचे एक क्लायंट." तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आबा म्हणतात त्यांना. साठी उलटलीय… टक्कलही आहे."