वालूच्या आईला दिसेल असं चित्र

एवढं मैदानभर काढलेलं लालभडक चित्र, आणि ते वरून दिसत नाही? वालूच्या आईला डोळे आहेत की शर्टाची बटणं? चार्वी घरत मान वर करून आकाशाकडे बघतच राहिली. भर दुपारी वालूच्या आईचं यान आलं, तांदळाच्या कणीएवढं चमकलं आणि न थांबता निघून गेलं.

शाळेच्या हिरव्या प्लास्टिकच्या गवताच्या मैदानावर तिने सकाळपासून राबून लाल रंगात वालू काढला होता. चित्रकलेत तिचा वर्गात पहिला नंबर. पण त्या नंबराचा आज काडीचाही उपयोग झाला नव्हता.

आता हा वालू कोण, ते सांगायला हवं. तो दुसऱ्या ग्रहावरून येऊन घरतांच्या मिठागरात पडला होता. दिसायला मोड आलेल्या वालासारखा, फक्त मांजराएवढा, म्हणून चार्वीने त्याचं नाव वालू ठेवलं. पडताना त्याचा आईला हाक मारायचा अवयव फुटला होता. आपली हवा त्याला सुकवत होती आणि आपलं पाणी त्याला चालत नव्हतं. शहरातल्या शास्त्रज्ञांना कळवलं होतं, पण त्यांच्याकडे तरी वालूच्या ग्रहावरचं पाणी कुठून असणार? ते फक्त त्याच्या आईकडे होतं. ती रोज दुपारी यानातून इथून जायची आणि लेकराला शोधायची. परवाची फेरी शेवटची. मग तिला परतावंच लागणार होतं, आणि वालू इथे सुकून मरणार होता.

चार्वीचे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, जन्मभर उपग्रहांनी काढलेले फोटो वाचत आले होते. वालूचं बोलणं मराठीत आणणारा डबा त्यांनीच जुळवला होता. त्यांनी डबा वालूच्या अंगाला लावला.

"वालू, तुझ्या आईला लाल रंग दिसतो ना रे?"

डबा खरखरला. "लाल म्हणजे काय?"

आबांनी कपाळावर हात मारून घेतला. "हे आधी विचारायला नको होतं का? मी एवढा म्हातारा झालो, पण अक्कल काही आली नाही."

त्यांनी ड्रोनने मैदानाचा फोटो काढला आणि त्यातला सगळा रंग पुसून टाकला. चार्वीने बघितलं. मैदान करडं, वालूही तसाच करडा. चित्र गायबच झालं होतं.

"रंग वेगळा आणि छायाभेद वेगळा," आबा म्हणाले. छायाभेद (रंग काढून टाकला की मागे उरतो तो उजळ-गडदपणा). "तुझा लाल आणि हा हिरवा, दोघेही सारखेच गडद. त्या बाईला फक्त उजेड आणि अंधार दिसतो. तिच्यासाठी तू कोऱ्या पाटीवर कोरंच लिहिलंस."

"मग पांढरं आणि काळं," चार्वी म्हणाली. "मीठ आणि चिखल. आपल्या घरी दुसरं आहे काय?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती कामाला लागली. मिठागराच्या वाफ्यांमधल्या काळ्या चिखलावर तिने मिठाने वालू काढला. मग वाटलं, आईला नीट कळायला हवं. म्हणून घर काढलं, सूर्य काढला, बाण काढले, कडेने वेलबुट्टी काढली. दुपारी यान आलं. वालूने आपला कोंब कसाबसा वर केला. यान सरळ निघून गेलं.

कोंब खाली पडला, आणि चार्वी बांधावर बसून ढसाढसा रडली. खोटा धीर देणं आबांना कधी जमलंच नव्हतं.

त्यांनी मिठागराचा ड्रोनने काढलेला फोटो तिच्यापुढे धरला. "यात तुझं चित्र शोध."

चार्वीने डोळे पुसले. चौकोनी वाफे, सरळ बांध, बांधांवर पांढऱ्या मिठाच्या राशी. पुन्हा वाफा, पुन्हा बांध, पुन्हा राशी, थेट खाडीपर्यंत. तिचं चित्र तिला स्वतःलाच चटकन सापडेना.

"याला लय म्हणतात," आबा म्हणाले. लय (तीच गोष्ट ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येणं). "ढोलकीचा ठेका सुरू असला की आपण गप्पा मारत बसतो. ठेका चुकला की माना कशा वळतात बघ. डोळ्यांचंही तसंच असतं. तू पांढऱ्याच्या गर्दीत आणखी पांढरं ओतलंस."

"म्हणजे ठेका चुकवायचा?"

"एकाच जागी. नजर जिथे अडते त्या जागेला केंद्र म्हणतात, आणि ते एकच असावं. तुझ्या चित्रात घर ओरडतंय, सूर्य ओरडतोय, बाणही ओरडतायत. मग वालूचं कोण ऐकणार?"

चार्वी फोटोकडे पाहत राहिली. सगळ्या रेषा सरळ होत्या, सगळे आकार चौकोनी. "गोल," ती हळूच म्हणाली. "इथे गोल काहीच नाही. एकच मोठा गोल काढायचा, आणि भोवती काहीच नाही. नुसतं काळं."

"ती रिकामी जागाही चित्रातच धरायची. तिला अवकाश म्हणतात," आबा म्हणाले. मग त्यांचा आवाज उतरला. "पण पोरी, भोवती काळं हवं, तर आपल्या सगळ्या राशी मोडाव्या लागतील. चिखलात गेलेलं मीठ कोण घेतं?"

त्या राशी चार्वीच्या आईने उन्हात पाय भाजून घेत उभ्या केल्या होत्या. आई मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती वालूजवळ गेली आणि त्याच्या अंगावर हात ठेवला. साल कागदासारखी कुरकुरली.

"लेकरू हरवलेलं असताना वरती ती बाई काय जेवत असेल?" आई म्हणाली. "आबा, फावडी काढा. आणि तू रडत बसू नकोस, ऊठ."

राशी मोडताना आईचे डोळे भरून येत होते. तिने ते लपवले नाहीत आणि हातही थांबवला नाही. काही वाफ्यांतल्या कोरड्या चिखलाला भेगा पडल्या होत्या, त्यामुळे तो काळा न दिसता करडा दिसत होता. आबांनी पोत (पृष्ठभाग खरखरीत आहे की गुळगुळीत, ते) समजावून सांगितला आणि तिघांनी मिळून चिखल भिजवून, गुळगुळीत काळा होईपर्यंत पायाने तुडवला. मधोमध खुंटी ठोकून दोरी फिरवली आणि आतल्या जागेत सगळं मीठ पसरलं. दुसऱ्या दिवशी सूर्य माथ्यावर येईपर्यंत गोल पुरा झाला. चार्वीने वालूला उचलून मध्यभागी ठेवलं. तो आता पिसासारखा हलका झाला होता. डब्यातून काहीच आवाज येत नव्हता.

यान आलं. ते पुढे गेलं, थोडं आणखी पुढे गेलं आणि थांबलं.

मग ते अलगद खाली उतरलं. त्यातून लांबलचक, थरथरता कोंब बाहेर आला. त्याने वालूला गुंडाळून घेतलं आणि त्याच्यावर कसलंसं दाट पाणी सोडलं. वालू हलला नाही. वालूच्या आईने पुन्हा पाणी सोडलं. तरी तो हलला नाही. इकडे चार्वीची आई तिला पोटाशी धरून उभी होती.

यान वालूला घेऊन वर जायला लागलं तेव्हा डबा बोलला. आवाज वालूचा नव्हता, त्याच्या आईचा होता.

"दिसलं," एवढंच तो म्हणाला.

"आणि वालू?" चार्वीने डबा दोन्ही हातांनी घट्ट धरला. "तो जगेल ना? सांगा ना."

आकाशात आता काहीच उरलं नव्हतं.

"आबा, जगेल ना तो?"

"ठाऊक नाही गं," आबा म्हणाले. त्यांचा चष्मा ओला झाला होता. "सुकलेलं बी कधी रुजतं, कधी नाही रुजत. पण चित्राने जेवढं करायचं तेवढं केलं."

संध्याकाळी शेजारचे म्हात्रे आले आणि म्हणाले, निदान गोलातलं वरचं मीठ तरी खरवडून घ्या, तेवढंच हाती लागेल. आईने मान हलवली.

"राहू दे ते," ती म्हणाली. "बरा झाला आणि सांगायला आला, तर त्याला घर कसं सापडेल?"

मग तिने फावडं उचललं आणि कडेच्या वाफ्यात नवीन पाणी घ्यायला निघाली. चार्वी गोलाच्या काठाला कुठे चिखल लागलाय का ते बघत, हाताने साफ करत तिच्यामागून गेली.