जीपच्या डाव्या क्लिपा

पुंडलिकनगरच्या त्या छोट्या कचेरीत अभय शिरला, तो खुर्ची ओढायच्या आधीच बोलू लागला.

"ताई, सोमनाथ मिस्त्रीनं आमच्या जीपला हलक्या क्लिपा मारल्या. आप्पांच्या काळापासूनचा माणूस! आज संध्याकाळी गाडीवाल्यांच्या ग्रुपवर त्याचं नाव टाकतो. पुन्हा कुणी त्याच्या दारात उभं राहायचं नाही. फक्त त्याआधी तुम्ही एकदा बघा."

बद्रीनाथनं मनातल्या मनात नोंद केली: राग भरपूर, खात्री कमी. बँकेतून निवृत्त झाला तरी माणसांचा जमाखर्च मांडायची खोड काही सुटली नव्हती. खासगी तपासनीस रत्नमाला वाहूळ यांना तो मदत करी. म्हणजे बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर संशय घेई.

जीप गारखेड्यात अभयच्या अंगणात उभी होती. तिच्या डॅशबोर्डचं पॅनल वर्षानुवर्षं खडखडत आलेलं. ते धरून ठेवणाऱ्या जुन्या प्लॅस्टिकच्या क्लिपा कडक होऊन तुटलेल्या. अभयचे वडील आप्पासाहेब गेले आणि दसऱ्याच्या तोंडावर अभयनं सगळ्या नव्या बसवून घेतल्या. आज इंजिन सुरू केलं, तर डावीकडे पुन्हा तेच.

रत्नमालानं पॅनलची डावी कड उचलली. आतली छिद्रं मोकळी, स्वच्छ. खाली पायाशी एकही तुकडा नाही. मग ती पॅनल आणि पत्र्याच्या सांध्याकडे बघत राहिली. तिथं दोन्ही बाजूंना दसऱ्याच्या कुंकवाची बोटं ओढली होती. उजवीकडची सुकून विटकरी झालेली. डावीकडची लालभडक.

"डावीकडे ऊन लागत नसेल," बद्रीनाथ म्हणाला.

"असेल हं, बद्रीभाऊ," रत्नमाला म्हणाली. तिचं असं 'हं' त्याला चांगलंच ओळखीचं होतं.

धाकटा भाऊ इंद्रजीत ओट्यावरूनच बोलला. "मीच दादाच्या मागं लागलो होतो, खडखड काढ म्हणून. उद्या गिऱ्हाईक येतंय गाडी बघायला. आता त्याला काय ऐकवू, हे भजन?"

"दसऱ्यानंतर गाडी गॅरेजला गेली होती?" रत्नमालानं विचारलं.

"कशाला जाईल? अंगणातून हललीच नाही."

"पूजा कुणी केली?"

"माझ्या बायकोनं, संध्यानं," अभय म्हणाला. "दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. अजून तिकडंच आहे."

तेवढ्यात त्यांची आई, कडूबाई, चहा घेऊन आल्या.

"मावशी, दसऱ्याला गाडीत बसलात?"

"व्हय की. पैठणला गेलो. धरणापर्यंत गाडी मुकी. लई गुळगुळीत." हे त्यांनी एखाद्या आजारी माणसाची खबर सांगावी तसं सांगितलं.

"पूजेला तुम्ही होता?"

"लांबून. हे गेल्यापासून मी कुंकवाला बोट लावत नाय, बाई."

कप घेताना त्यांच्या अनामिकेचं नख कडेनं लाल दिसलं. चटणी वाटली असेल, बद्रीनाथला वाटलं. त्याचा हिशेब तर कधीच जुळला होता. तो रत्नमालाच्या कानाशी लागला. "इंद्रजीत! भाऊ वैतागला की गाडी विकून मोकळा होईल."

"अन् गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी मालात खोट काढून ठेवील? बँकेत तुम्ही असंच कर्ज मंजूर करायचात का हो?"

मग ती सगळ्यांसमोर जीपच्या बॉनेटला टेकली.

"दसऱ्याला गाडी वाजली नाही. म्हणजे सोमनाथनं क्लिपा बसवल्या होत्या, अन् नीट बसवल्या होत्या. क्लिप तुटली तर तिचा पाय छिद्रात अडकून राहतो. इथं छिद्रं स्वच्छ आहेत. म्हणजे कुणीतरी त्या सबंध उपसल्या, त्याही गाडी या अंगणात असताना. सोमनाथ सुटला."

अभयनं हातातला मोबाईल खिशात सरकवला.

"पॅनल उघडलं तसं सांध्यावरचं कुंकू भंगलं. चोर असता तर तसंच टाकून गेला असता. या माणसाला मात्र भंगलेली पूजा बघवली नाही. त्यानं नवी बोटं ओढली. इंद्रजीतला हे सुचलंही नसतं. अभय स्वतःच तक्रार घेऊन आला. संध्या माहेरी. उरलं कोण?"

कडूबाईंनी नख पदरात लपवलं. मग त्याच पदराची गाठ सोडली. आत क्लिपा होत्या, नव्याकोऱ्या.

"लाकडी उलथन्यानं काढल्या," त्या म्हणाल्या. "सोमनाथला काय बोलू नको रे. लेकरासारखा आहे तो."

"पण का, आई?"

"डावीकडं मी बसायचे. खड्डा आला की हे वाजायचं. तुझे आप्पा वरून थाप मारायचे अन् गाडीला म्हणायचे, 'गप गं, मालकीण बोलतेय!' मी कुठं बोलत असायचे? पण मग बोलायचे." त्यांनी पॅनलवरून हात फिरवला. "दसऱ्याला सगळी वाट गाडी गप. मीबी गप. तुम्ही दोघं मोबाईलमध्ये."

इंद्रजीत ओट्यावरून उठला आणि कुणाला दिसणार नाही अशा बेतानं नळाखाली तोंड धुऊन आला. आल्यावर त्यानं गिऱ्हाइकाला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं.

अभयनं सोमनाथला बोलावून घेतलं, त्याची माफी मागितली. म्हणाला, "उजवीकडच्या राहू द्या. डावीकडच्या बसवू नका."

सोमनाथ उखडला. "अर्धं काम करून गाडी सोडू? लोक काय म्हणतील? नाव जाईल की माझं!"

"जो विचारील त्याला माझ्याकडं पाठव," कडूबाई डाव्या सीटवर चढत म्हणाल्या. "म्हणावं, मालकिणीनं करू दिलं नाय."