आतून ओला पडदा

विषय : सरकारी वसाहतीतील क्वार्टर नंबर सात बदलून मिळण्याबाबत.
संदर्भ : अर्जदार श्री. बाबाराव नत्थूजी रामटेके, कनिष्ठ लिपिक, यांचा मे १९६९ मधील अर्ज.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, अर्जात कारणाच्या जागी अर्जदारांनी ‘घरगुती अडचण’ एवढेच दोन शब्द लिहिले होते. ते लिहायला त्यांना अख्खी दुपार लागली होती, आणि घामाच्या थेंबानं शाईचा डाग पडला होता तो वेगळाच. खरं कारण लिहिलं असतं तर अर्ज कचेरीत मोठ्यानं वाचला गेला असता. शिवाय ते कारण बाबारावांनी स्वतःच्याच डोक्यातून काढलेलं होतं. म्हणून पहिल्यापासून सांगायला हवं.

बाबाराव नागपुरातल्या इंदोरा वस्तीत एका खोलीत भाड्यानं राहत. वर टिनाचं छप्पर. नागपूरचा उन्हाळा आणि टिन यांचं सख्य ज्याला ठाऊक आहे, त्याला पुढचं सांगायला नको. बायको सत्यवती बाळंतपणाला कळमेश्वरला माहेरी गेली, मुलगी झाली, आणि तिथून निरोप आला : “पोरीले त्या तव्यावर भाजत नाही मी. घर पाहा, मग न्यायले या.” मुलीला बाबारावांनी एकदाच पाहिलं होतं, तेही झोपलेली.

अशात वसाहतीतलं सात नंबरचं क्वार्टर रिकामं झालं. जुन्या सीपी-बेरार प्रांताच्या काळातलं बांधकाम, जाड भिंती, वर कौलं, मागं कडुलिंब. पण बाबारावांच्या पुढं यादीत बरीच माणसं होती आणि सगळ्यांत वर हेडक्लार्क महादेवराव. महादेवरावांचं स्वतःचं घर शहरातल्या महाल भागात होतं, ते भाड्यानं द्यायचा त्यांचा बेत होता. स्वतःच्या घरात राहून सरकारी घराचा हक्क बुडवणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे.

आता, बाबाराव टोपणनावानं दिवाळी अंकांत भयकथा लिहीत. कचेरीला हे माहीत नव्हतं. कचेरीत दिवाळी अंक फक्त भविष्यासाठी उघडले जात. भुताला लेखक फारसा लागत नाही, असं बाबारावांचं मत होतं. वाचकाला दारात उभं करावं, दिवा जरा बारीक करावा, आणि आपण बाजूला व्हावं. भूत तो घरून घेऊन येतो. लेखकानं फक्त दोन गोष्टी पाळायच्या. भूत हा शब्द आपण उच्चारायचा नाही, आणि वाक्य पुरं करायचं नाही.

क्वार्टरचे नळ आणि कड्या तपासायला कचेरीनं बाबारावांनाच पाठवलं. ते गेले, कड्या वाजवून पाहिल्या, परत आले आणि गप्प बसले. चहाच्या वेळीही गप्प. महादेवरावांना राहवलं नाही. घर कसं आहे म्हणून त्यांनी विचारलं.

“सगळं ठीक हाय जी,” बाबाराव म्हणाले. “फक्त... जाऊ द्या. भासच असन माहा.”

एवढ्यावर त्यांनी मधे बरेच दिवस जाऊ दिले. पीठ आंबायला वेळ द्यावा लागतो. मग एकदा सहज, दुसऱ्याच कोणाला तरी विचारलं, की बंद घरात, जिथं पाण्याचा थेंब नाही, तिथं भिजलेल्या वाळ्याचा वास कसा येतो. पुन्हा गप्प. पुढं केव्हातरी बादलीतून पाणी फेकल्याचा आवाज. भर दुपारी. घराला कुलूप असताना.

बाकी सगळं कचेरीनं केलं. एप्रिल सरेपर्यंत त्या घरात एक बाई तयार झाली होती. दुपारी खिडकीच्या पडद्यावर पाणी मारता मारता ऊन लागून गेलेली. कचेरीनं तिचं नावही ठेवलं : प्रयागबाई. एका शिपायाच्या साल्यानं तिला पाठमोरी पाहिली होती. बाबारावांना लेखक म्हणून थोडा मत्सर वाटला. महादेवरावांनी ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ क्वार्टर नाकारलं. पाठोपाठ यादीतल्या सगळ्यांच्याच प्रकृती बिघडल्या, आणि घर बाबारावांच्या पदरात पडलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. दाढी करताना सुचलेली, सगळ्यांत सरस. पडदा बाहेरून कोरडा ठणठणीत आणि आतून ओला. म्हणजे पाणी मारणारं कोणी बाहेर नाही... एवढ्यावर थांबायचं. ही युक्ती कचेरीवर खर्च करायची नाही, दिवाळीच्या कथेसाठी ठेवायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

घर बघायला वडील आले. नत्थूजींनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हा देवऋषी, अंगारे, भूतखेत सगळं तिथंच सोडून दिलं होतं, आणि सोडलेलं परत घ्यायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी भिंतींवर काठी ठोकून पाहिली आणि घर चांगलं आहे म्हणाले. बाबारावांना आपण केलेल्या उद्योगाची थोडी लाज वाटली. फार नाही. डोळ्यांसमोर मुलगी होती.

सत्यवतीला आणायला सोमवारी जायचं ठरलं. रविवारी बाबारावांनी मागच्या खोलीच्या खिडकीला वाळ्याचा पडदा टांगला, सकाळी नळ गेला तेव्हा उरलेली बादली त्याच्यावर मारली आणि जेवून जमिनीवर आडवे झाले.

भयकथेला लागतं ते काहीच तिथं नव्हतं. अंधार नव्हता, उजेड इतका की डोळे मिटले तरी पापण्यांतून लाल दिसत होतं. घुबड नव्हतं. कुत्री सावलीला जीभ काढून पडलेली. रस्त्यावर माणूस नाही, सायकलची घंटा नाही. लू तेवढी कौलांवरून जात होती, एखाद्यानं लांबून फुंकर घालत राहावी तशी. आणि त्या फुंकरीखाली शांतता. सकाळचं पाणी केव्हाच उडालं होतं. खिडकीतून भट्टीचा वारा येत होता.

मग वारा गार झाला.

बाबाराव डोळे मिटून पडले होते. आधी वास आला, ओल्या वाळ्याचा, मातीच्या पोटातला. मग आवाज. पाणी फेकल्याचा, आणि मग थेंब... एकेक... फरशीवर. त्यांना आधी बरंच वाटलं. मग आठवलं, की घरात आपण एकटे आहोत. आणि हा वास, हा आवाज आपणच लिहिलेला आहे.

ते उठले. बादली कोपऱ्यात कोरडी होती. पडद्याला हात लावला. बोटं ओली झाली. ते अनवाणीच मागच्या दारानं बाहेर गेले. अंगण रिकामं. बाहेरून पडद्याला हात लावला.

कोरडा. काड्या हातात मोडत होत्या.

उरलेली दुपार बाबारावांनी कडुलिंबाखाली, लूमध्ये, पायाला फोड येईपर्यंत काढली. अर्ज तिथंच लिहिला. सोमवारी सगळ्यांत आधी तो कचेरीत दिला, आणि सत्यवतीला थोपवण्यासाठी काय बरं सांगावं याचा विचार करत ते घरी सामान घ्यायला आले, तर दार उघडं. सकाळच्या घाईत कुलूप लावायचं राहून गेलं होतं.

सत्यवती वाट पाहून कंटाळली होती आणि सकाळच्या एस्टीनं मुलीला घेऊन स्वतःच आली होती. मागच्या खोलीत मुलगी पसरून झोपली होती. शेजारी एक म्हातारी पानाला चुना लावत बसली होती. या यमुताई. क्वार्टरं पाठीला पाठ लागलेली. यांचं दार पलीकडच्या गल्लीत आणि अंगण मात्र एकच.

“काल तुमी घरी होते का जी?” यमुताईंनी विचारलं. “मले वाटलं कुलूप हाय. माह्या खिडकीवर बादली मारली का तुमच्या पडद्यावरही मारतो. जुनी सवय हाय माही.”

बाबाराव भिंतीला टेकून खाली बसले. अगदी हळू त्यांनी विचारलं, की बाहेरून तर पडदा कोरडा होता...

“या लूमंधी? भायेरचं पाणी हवा पिऊन घेते. आतलं राह्यते.” यमुताईंनी पान तोंडात टाकलं. “तुमी काय समजले?”

“काही नाही,” बाबाराव म्हणाले, आणि हसायला लागले. इतके हसले की मुलगी उठली, आणि त्यांनी पहिल्यांदा तिचे डोळे पाहिले.

तो महिना सुखात गेला. दुपार झाली की खिडकीवर पाणी पडे, गार वारा येई, मुलगी झोपे, तिच्या अंगावरच्या घामोळ्या गेल्या. सत्यवती आतूनच यमुताईंना आवाज देऊन दुवा देई. बाबारावांनी अर्जाचा विषय मनातून काढून टाकला.

पण सुख कचेरीत लपत नाही. रामटेके बायकोपोरासह ठणठणीत आहेत, हे महादेवरावांच्या ध्यानात आलं. त्यांची प्रकृती एकदम सुधारली. ज्येष्ठतेनुसार क्वार्टरवर पहिला हक्क आपला, नकार तात्पुरता होता, असं त्यांनी वर लिहून दिलं आणि जूनच्या तोंडाशी एका रविवारी, पाऊस अजून लांब होता, स्वतः घर पाहायला आले. सत्यवतीनं पन्हं दिलं. घर जाणार हे तिला कळत होतं. पेला ठेवताना तिनं महादेवरावांकडे पाहिलंसुद्धा नाही. बाबारावांकडे आता एकही युक्ती नव्हती. पाळण्यात मुलगी खेळत असलेल्या घरात वाक्य अर्धवट कसं सोडणार?

मागच्या खिडकीवर पाणी पडलं. गारवा आला. महादेवरावांनी डोळे मिटून सुस्कारा सोडला.

“वा. कोण मारून राहिलं पाणी?”

“मागच्या यमुताई,” सत्यवती म्हणाली. “रोजचंच हाय.”

तेवढ्यात पुढच्या दारात सावली पडली. काखेत गाठोडं, उन्हासाठी डोक्यावर ओला पदर, यमुताई.

“कशी हायस वं सत्यवती? पोरगी केवढी झाली. मी आजच येऊन राहिली काटोलहून, लेकीकडून. तुही भेट झाली ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेली होती. माह्या सुनेले बादली उचलायचाही कंटाळा, तुमच्या खिडकीवर कोनी पाणी मारलं असन का नसन...”

मागच्या खोलीत थेंब पडत होते. एकेक.

महादेवरावांनी पेला खाली ठेवला, जोडे हातात घेतले आणि ते तसेच भर उन्हात निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला हक्क सोडला. प्रकृतीच्या कारणास्तव.

ते गेल्यावर बाबाराव मागं गेले. अंगणात कोणी नव्हतं. यमुताईंची बादली भिंतीशी पालथी होती आणि तिच्यावर धूळ होती. ते परत आले तेव्हा सत्यवती मुलीला त्याच पडद्यासमोर निजवत होती. त्यांना वाटलं आता ट्रंक भरावी लागणार. बापालाही सांगावं लागणार.

“भूतबित काही नसते,” सत्यवती न विचारताच म्हणाली. “पाणी कोन मारते ते सापडलं का सांगा. चहा पाजू त्याले.” मग मुलीच्या अंगावर पदर टाकत, हळूच : “नाही सापडलं तरी चालते. पोरगी झोपते.”

बाबारावांनी त्या वर्षी दिवाळी अंकासाठी कथा लिहिली नाही. राखून ठेवलेली युक्ती कोणीतरी आधीच वापरली होती आणि त्यांच्यापेक्षा चांगली वापरली होती. पाऊस लागला तसा त्यांनी पडदा उतरवला, उघडीप पाहून वाळवला, गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. माळ्याखालची भिंत अजून उन्हाळ्यात दुपारी ओली होते. कौलं दोनदा बदलून झाली.

पहिला अर्ज रद्द समजावा, असा दुसरा अर्ज बाबारावांनी रीतसर दिला. पहिल्याचा निर्णय झाल्याशिवाय दुसरा विचारात घेता येत नाही, असं त्यांना कळवण्यात आलं. पहिला अर्ज विचाराधीन आहे.