दिवेलागणीची कडी

कॅसलरॉक स्टेशनच्या वरच्या अंगाला साहेबांच्या बंगल्याचं काम निघालं, तेव्हा मी, रामचंद्र गवंडी, बायको सावित्री आणि मुलगी कमल यांना घेऊन खानापुराहून इकडं आलो. जंगलात घडीव दगड कुठला मिळायला? पण दोन कोसांवर दुर्गाळीचा पडका कोट होता. काळा, सूत लावून घडवलेला दगड, नुसता झाडोऱ्यात पडलेला. कोटाखालच्या कुणब्यांच्या वाडीतच मी झोपडं बांधलं आणि कोटाच्या मोठ्या दरवाजाचे दोन खांब माझ्या दाराला लावले. म्हटलं, आपणही जरा कोटाचे नाईक होऊन बघू!

वाडीतला म्हातारा झिलू रोज येऊन माझं काम बघत बसायचा. खांब बसवले तरी काही बोलला नाही. फळीच्या दाराला आतून लोखंडी कडी मारायला घेतली, तेव्हा मात्र उठला.

"मेस्त्री, दगड न्या. पर कडी नको. दिवेलागणीला आमच्यात दार लावत न्हाईत."

खरंच, वाडीत एकाही घराला कडी नव्हती. अंधारून यायला लागलं की बाया बांबूची ताटी बाजूला सारायच्या, दिवा ठेवायच्या आणि माणसं गप्प बसून राहायची.

"आणि वाघ आला तर?" मी विचारलं.

"त्या वक्ताला वाघ हिकडं फिरकत न्हाई," झिलू म्हणाला. मग खाली भाताच्या खाचरांकडं बघत त्यानं सांगितलं, "तितं पेठ व्हती. कासार, तेली, कोष्टी. वर कोटात नाईक. एकदा लुटारू आले, ह्याच वक्ताला. पेठेतली माणसं पोरंबाळं घिऊन वर पळाली. नाईक म्हणाला, एवढ्यांना धान्य पुरायचं न्हाई, दार लावा. दारावर आमचीच माणसं. त्येंनीच अडसर घातला. भाईरची माणसं वळखीची, मेस्त्री. नावानं हाका मारत व्हती."

"मग?"

"मग हाका थांबल्या."

किती पिढ्यांपूर्वीची गोष्ट, आणि म्हाताऱ्याला मान वर करवेना! मला कीव आली, थोडा रागही आला. मेलेल्यांसाठी जित्यांनी दारं सताड उघडी टाकायची? हा कुठला न्याय? कडी मी ठोकलीच.

आठवडाभर काही नाही. मग एका संध्याकाळी खाचरांकडून घाण्यावरच्या ताज्या तेलाचा वास आला. दुसऱ्या दिवशी तांब्याचं भांडं ठोकल्यासारखा आवाज. कमलनं विचारलं, "बाबा, खाली बाजार भरलाय?" मी म्हटलं, सुतार पक्षी असेल.

त्यानंतरच्या संध्याकाळी ती कमलला घेऊन ओहोळावर पाण्याला गेली होती. मी चूल पेटवत होतो. रातकिडे एकदम थांबले. चढावरून पावलं येत होती. पुष्कळ पावलं, अनवाणी, धावणारी. कुणाच्या तोंडून शब्द नाही, नुसता धापांचा आवाज. खोटं कशाला बोलू, मी विचार केलाच नाही. उठलो आणि कडी घातली.

दारावर हात पडायला लागले. मोठे हात, आणि खाली उंबऱ्याजवळ लहान लहान.

"अवो, कडी काढा." सावित्रीचा आवाज. "कमल हाय संगं. काढा ना."

ती ओहोळावर आहे, मी मनाशी म्हटलं. ही ती नव्हे.

"अवो, मी हाय."

माझा हात कडीवर होता. काढायला नाही. दाबून धरायला.

मग हाका थांबल्या.

दार उघडलं तेव्हा बाहेर अजून उजेड होता. अंगणात कमल एकटी उभी. शेजारी भरलेली घागर.

"आई कुठाय गं?"

"आत गेली की. तुमी दार उघडलं तवा."

"मी नाही उघडलं, बाळ."

"उघडलं की. समदी माणसं आत गेली. लई दाटी झाली, म्हणून आई म्हणाली, तू थांब."

मी मागं वळलो. एक खोली, एक चूल. कुणी नव्हतं.

वाडीनं जंगल पालथं घातलं. रक्त नाही, लुगड्याची चिंधी नाही. झिलू मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

बंगला दुसऱ्यानं पुरा केला. मी इथंच राहिलो. कडी उपटली, मग दारच काढून टाकलं. कमल घरात अंग चोरून चालते. ताट घेऊन चुलीपासून भिंतीपाशी यायला तिला वेळ लागतो. मधेच कुणाला तरी म्हणते, "जरा सरका."

परवा जेवताना धीर करून विचारलं, "आई दिसते का गं तुला?"

"दिसते की. पार मागं हाय." तिनं घास गिळला. "मी तुमचं नाव काढलं, की समदी माणसं वळून बघतात तुमच्याकडं. आई तेवढी बघत न्हाई."