राजासाठी आलेलं स्थळ

हे माझ्या सख्ख्या भावाच्या घरात घडलंय. मी स्वतः तिथे होते. ऐकीव नाही, स्वप्नातलं नाही. मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. फिल्मवर उमटेल तेवढंच खरं धरायचं, ही माझी कामाची सवय आहे.

तरीही सांगते.

रात्र नव्हती. रविवारची दुपार होती, आणि खिडकीतून लख्ख ऊन खोलीत आलं होतं.

आधी माणसं सांगते. दादा कवळ्या बनवतो. घराच्या मागच्या खोलीतच त्याचं काम चालतं. प्लास्टरचे साचे, घासायचं मशीन, आणि फळीवर ओळीनं मांडलेले दात. वहिनी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांची बोलणी ऐकायची आणि संध्याकाळी घरी येऊन राज्य करायची.

खरोखर राज्य. दोघांना कॉम्प्युटरवरच्या एका गेमचं वेड होतं. जुन्या काळातले राजे, किल्ले, लढाया. एक लहानसं राज्य घ्यायचं आणि आपलं घराणं वाढवत न्यायचं.

दादाचा जीव लढायांत. वहिनीचं तंत्र वेगळं. मुलगी या राजाकडे द्यायची, मुलाला त्या राणीचा नवरा करायचा. एक पिढी सरली की तिथल्या गादीवर आपलाच नातू बसलेला. रक्ताचा थेंब न सांडता राज्य आपलं.

गेममध्ये प्रत्येक माणसाच्या चित्राशेजारी त्याचा स्वभाव लिहिलेला असतो. दयाळू, भित्रा, कपटी, असं. वहिनी ते अगदी खऱ्या स्थळासारखं वाचायची. याची आई कपटी आहे, पोरीला सुखानं दोन घास खाऊ देणार नाही, असं म्हणून तिनं एकदा एक मोठंच्या मोठं साम्राज्य नाकारलं होतं. दादा डोक्याला हात लावून बसला होता.

आणि दादानं घाईनं कुणाचं लग्न ठरवलं, की ती जीभ टाळूला लावून आवाज करायची. च्...

बस. दादा हात मागे घ्यायचा.

त्यांना मूल नव्हतं. तो विषय घरात कुणी काढत नसे. पण गेममध्ये मूल जन्मलं की वहिनी लगेच त्याला लाडाचं नाव ठेवायची. ठकी. बोका. लंबूटांग. बघता बघता अर्धा नकाशा आमच्या निळ्या रंगाचा झाला होता. मी गेले की मला उभं करून दाखवायची, ही बघ, ही तुझी भाची, पार समुद्रापलीकडे दिलीय, पण नवरा समजूतदार आहे हो.

मग एके दिवशी ऑफिसातून लवकर आली. डोकं दुखतंय म्हणाली. आडवी झाली.

उठलीच नाही.

दादा रडला नाही. कामाला लागला. बरेच महिने त्यानं कॉम्प्युटरवरचं कापडसुद्धा काढलं नाही. मी दर रविवारी जायची, स्वयंपाक करून ठेवायची, भांडी घासायची. पुढे एका रविवारी बघते तर तो गेम खेळत होता. मला बरं वाटलं.

पण तो फक्त लढाया करायचा. लग्नाचं पान उघडतच नव्हता. राजपुत्र म्हातारे होत होते, राजकन्या बिनलग्नाच्या राहून मरत होत्या. एकेक गादी परक्याकडे चालली होती. नकाशावरचा निळा रंग आटत होता. मी म्हटलं, अरे, एकाचं तरी लाव.

"ते खातं तिचं आहे," तो म्हणाला.

मी पुन्हा विषय काढला नाही.

आता ती दुपार.

जेवणं झाली होती. दादा मागच्या खोलीत कवळी घासत होता. मशीनचा घर्रघर्र आवाज सलग येत होता. मी ओट्यापाशी भांडी पुसत होते.

तेवढ्यात पुढच्या खोलीत...

क्लिक.

मी थांबले. मागे मशीन चालूच होतं.

क्लिक... क्लिक.

वाटलं, खिडकीचं दार आपटत असेल. हात पुसत पुढे गेले.

खोलीत कुणी नव्हतं. वहिनीची खुर्ची टेबलापासून ओढलेली होती. स्क्रीनवर लग्नाचं पान उघडं होतं. ठकीचं स्थळ. शेजारी एका राजपुत्राचं चित्र. लंगडा. दयाळू.

माऊस टेबलावर स्थिर होता. स्क्रीनवरचा बाण मात्र हलत होता. सावकाश... चष्मा विसरलेलं माणूस वाचतं तसा, ओळीखालून ओळीखालून.

तो "मान्य" या शब्दावर थांबला.

क्लिक.

गेममधल्या घंटा वाजल्या.

मी दादाला हाक मारली तेव्हा माझाच आवाज मला ओळखू आला नाही. मशीन बंद झालं. तो आला, कोपरापर्यंत प्लास्टरनं पांढरा. स्क्रीनकडे बघितलं. मला वाटलं हा घाबरणार, मग मी याला धरून बाहेर नेणार.

तो जमिनीवर बसला.

"सासू बघ तिची," तो म्हणाला. "साधी आहे. तपासून दिलंय."

आणि वहिनी गेल्यानंतर पहिल्यांदा माझा भाऊ रडला.

त्यानंतर त्यानं नेमच केला. सकाळी गेम चालू करायचा, खुर्ची ओढून ठेवायची आणि मागे कामाला जायचं. संध्याकाळी येऊन बघावं तर कुणाचं तरी लग्न झालेलं. बोक्याचं. लंबूटांगच्या दोन्ही मुलींचं. निळा रंग परत पसरायला लागला. दादा दाढी करू लागला. पोटभर जेवू लागला.

मला ते सहन होईना. एका रविवारी तो बाहेर गेला असताना मी सरळ प्लग ओढला. स्क्रीन काळी झाली. मी वायर हातात धरून उभी होते.

माझ्या मागे, अगदी कानाशी...

च्...

मी प्लग परत लावला. दादाला सांगितलं नाही.

मग तो दिवस आला. दिवस मावळायचा होता. मी निघायला चप्पल घालत होते, तेवढ्यात दादानं आतून हाक मारली. हळू आवाजात. मूल झोपलेलं असताना मारतात तशी.

स्क्रीनवर लग्नाचंच पान होतं. घराण्यात आता लग्नाचं कुणी उरलं नव्हतं. सगळी पोरं मार्गी लागली होती. एकटा म्हातारा राजा राहिला होता, त्याची राणी जाऊन वर्षं झाली होती. हा राजा म्हणजे दादा. गादीवर येईल तो राजा सुरुवातीपासून दादाच चालवायचा.

त्याच्यासाठी स्थळ आलं होतं. लांबच्या एका लहान राज्यातली विधवा. शांत. दयाळू.

बाण "मान्य"वर येऊन थांबला होता. क्लिक होत नव्हतं.

दादानं माऊस धरला आणि "नकार" दाबलं.

पान मिटलं. परत उघडलं. दुसरी बाई. समजूतदार. बाण परत "मान्य"वर.

नकार.

तिसरी आली. चौथी आली. मी त्याचा खांदा धरला. शेजारच्या रिकाम्या खुर्चीची गादी मधोमध दबलेली होती. ते मी बघितलं, आणि नजर काढून घेतली.

दादा खुर्चीकडे वळला.

"तुला जायचंय का?"

काहीच आवाज आला नाही. पंख्याचाही नाही. पंखा फिरत होता.

मग माझ्याकडे न बघता बोलायला लागला. म्हणाला, ती दमलीय गं. ऑफिसात शेवटचा माणूस खिडकीतून हलत नसला की अशीच बसायची, पर्स मांडीवर घेऊन. त्याचं काम झाल्याशिवाय उठायची नाही. आणि तो शेवटचा माणूस मीच आहे.

मी म्हटलं, दादा, नको वाटत असेल तर बंद कर.

त्यानं मान हलवली. माऊसवर हात ठेवला.

नंतर त्यानं मला सांगितलं, की त्याच्या हातावर हात होता. गार नव्हता. नेहमीसारखाच होता.

क्लिक.

घंटा वाजल्या. गादी हळूहळू वर आली... आणि खुर्ची अर्धवट फिरून थांबली, कुणी उठून गेल्यावर थांबते तशी.

त्यानंतर काही झालं नाही. दादा गेम चालू ठेवून वाट बघायचा. बाण हलला नाही. शेवटी त्यानं कॉम्प्युटरवर कापड टाकलं. एकदा भाजी निवडता निवडता त्यानं मला विचारलं, मी नाही म्हणत राहिलो असतो तर ती राहिली असती का? मी निवडलेली भाजी धुवायला उठले.

त्या सुमारास त्यानं पुढच्या दाराला कडी लावणं सोडलं. रात्रंदिवस दार नुसतं लोटलेलं. मी रागावले, चोरांची भीती घातली. असू दे, एवढंच म्हणायचा.

मागच्या महिन्यात आम्ही दोघं बाजारातून परत आलो. पिशव्या माझ्या हातात होत्या. दादानं दार ढकललं.

उघडलं नाही.

त्यानं परत ढकललं. आतून कडी होती.

घरात तिसरं माणूस नाही. आम्ही मागच्या खोलीच्या बाहेरच्या दाराचं कुलूप काढून आत गेलो. सगळं जागच्या जागी होतं. पुढच्या दाराची कडी मात्र नीट, पूर्ण सरकवलेली होती. दादानं तिच्यावरून बोट फिरवलं.

"आली," तो म्हणाला.

मला तसं वाटत नाही. मला वाटतं, आता दार उघडं ठेवू नकोस, एवढंच ती सांगून गेली. पण हे मी त्याला कोणत्या तोंडानं सांगू?

त्यानं कॉम्प्युटरवरचं कापड काढलंय. नवीन गेम मांडलाय. नवीन राजा, लहानसं राज्य, चार मुलं. परवा मी गेले तेव्हा थोरली राजकन्या लग्नाची झाली होती. चांगली स्थळं येत होती.

दादा एकाही स्थळाला हात लावत नाही. शेजारची खुर्ची ओढून ठेवतो, आणि बसून राहतो.