उभ्यानं खाल्लेली मिसळ

सोमनाथला लाज कशी ती उरली नव्हती. पोटची पोर आत यंत्रावर श्वास घेतेय आणि हा हॉस्पिटलच्या दारात उभा राहून येईल त्याला सांगतोय, "डेंग्यू आहे, डेंग्यू." तीन दिवसांत पोरीच्या खाटेजवळ फिरकला नव्हता. भागूबाईला लेकाचं हे वागणं खुपत होतं.

नातीला, संस्कृतीला, तिनं सकाळीच पाहिलं होतं. पोलीस भरतीसाठी रोज शेंद्र्याच्या रस्त्यावर धावणारी पोर. बोटांची टोकं काळी पडलेली. आणि सलाइनच्या सुईपाशी रक्त पाझरतंय, थांबायचं नाव नाही.

"डॉक्टरीणबाई, इकडं गोठतंय, तिकडं वाहतंय. ही काय तऱ्हा?"

डॉक्टर नौशीन हळू बोलल्या. "आजी, जंतू रक्तात शिरलेत. त्यांना मारायला शरीराची फौज उठली, ती आता आपल्याच नसांवर तुटून पडलीय. बारीक नसांत गाठी झाल्या. रक्त गोठवायचं सामान त्या गाठींतच संपलं, म्हणून सुईचं भोकही बुजत नाही. डेंग्यू नाही हा. कुठंतरी खोल पू साचलाय. छाती, पोट तपासलं, सापडत नाही. संध्याकाळपर्यंत सापडला नाही, तर औषधं पुरी पडणार नाहीत."

भागूबाई दुसरीच्या पुढं शिकली नव्हती. पण दुखरं जनावर ती चालीवरून ओळखायची. बाकावर संस्कृतीची मैत्रीण श्रेया डोळे पुसत होती.

"काय गं, ताप यायच्या आधी शहागंजात गेलात, तिथं काय खाल्लं तुम्ही?"

"मिसळ, आजी. मी पण तीच खाल्ली."

"बसून?"

"मी बसून. ती उभीच. खुर्ची रिकामी होती तरी."

भागूबाईला एकेक आठवू लागलं. त्याच सुमारास पोर बापाच्या गाडीवर दोन्ही पाय एकीकडं सोडून बसली होती. एरवी गड्यासारखी टांग टाकणारी! भागूबाईनंच कौतुक केलं होतं, "आली बाई वळणावर." आणि त्याच्या आदल्या दिवशी गोठ्यातला सुयांचा डबा स्वयंपाकाच्या ओट्यावर दिसला, म्हणून ती घरभर करवादली होती. म्हशींना टोचायला गाव सोमनाथलाच बोलवायचं. हात हलका.

ती दारात गेली.

"सोम्या, भरतीचं मैदान कधी व्हतं?"

"सोमवारी."

"ताकदीचं इंजेक्शन कुठून आणलंस?"

"कसलं इंजेक्शन, माय?" नजर जमिनीवर.

"म्हशीची सुई ओट्यावर कशाला आली व्हती? ओट्यावर काय म्हैस बांधलीय? पोर खुर्चीत बसंना, गाडीवर एका अंगावर बसायची. अन् तू तिच्याजवळ जाईनास. कंच्या अंगाला टोचलंस ते सांग!"

सोमनाथ भिंतीला टेकला. "डाव्या... कमरेखाली. सुई उकळली व्हती, माय. कळलं तर भरतीतनं बाद करतील, म्हणून..."

मागोमाग दारापाशी आलेल्या डॉक्टर नौशीननी ते ऐकलं नि त्या आत धावल्या. पोरीला कुशीवर वळवलं, सोनोग्राफीचं मशीन फिरवलं. डावीकडं, मांसाच्या तळाशी, वाटीभर पू. रक्ताच्या पिशव्या मागवल्या. खाट ऑपरेशनच्या खोलीकडं ढकलली गेली, दारावरचा लाल दिवा लागला. पोर वाचेल का, ते कुणीच सांगेना.

सोमनाथ पाया पडायला वाकला. भागूबाईनं पाय मागं घेतले.

"टोचलंस ते अडाणीपणानं. ते मी पोटात घालीन. पण तीन दिस डॉक्टर जागा शोधत व्हते, अन् तुला जागा ठावं व्हती. ती उठली तरी तुला माफी नाय, सोम्या."